घासू नकोस, आधी वाच

पोरी,

जुन्या डब्याचे तुझे तीन फोटो आले आणि खाली एकच ओळ: "काका, याचे किती येतील?" कुणी तुला 25 हजार सांगितले, कुणी भंगाराचा भाव, म्हणून तू गोंधळलीस. मला तुझी कीव आली आणि थोडा रागही आला. फोटोत इतकं लिहिलेलं दिसतंय आणि तू त्यातलं एक अक्षर वाचलेलं नाहीस.

आजीच्या माळ्यावर आंब्याच्या फोडींचा न फोडलेला डबा, तोही कागदी लेबलासकट! बिस्किटांचे, वनस्पती तुपाचे छापील पत्र्याचे डबे घरोघरी उरले, कारण त्यांत डाळी भरल्या गेल्या. हवाबंद डबा मात्र कापला, खाल्ला आणि फेकला. म्हणून तो क्वचित दिसतो. क्वचित दिसतो म्हणून महाग, असं मात्र नाही. त्यासाठी तो हवा असणारा माणूस लागतो.

आता वाच. वजन लिहिलंय 1 पौंड 14 औंस. हे माप आजही आंब्याच्या रसाच्या डब्यावर सापडतं, फक्त 850 ग्रॅम म्हणून. मेट्रिक वजनं 1962 च्या एप्रिलपासून सक्तीची झाली, तेव्हा डबा बहुधा त्याआधीचा. 'बहुधा' मुद्दाम लिहिलं, कारण छापून ठेवलेली लेबलं कारखानदार संपेपर्यंत चिकटवतो. पत्त्यात 'बॉम्बे 2' आहे, म्हणजे काळबादेवीचा भाग, पिनकोड नाही. पिनकोड आला 15 ऑगस्ट 1972 ला.

आणि ते 'एफ.पी.ओ. 1955' पाहून तू लिहिलंस, "डबा 1955 चा आहे." नाही गं! ते साल कायद्याचं आहे, फळांच्या उत्पादनांबाबतच्या आदेशाचं. पुढची कित्येक दशकं तेच साल लोणच्या-जॅमच्या बाटल्यांवर छापलं जात होतं. त्यावरून एवढंच ठरतं की डबा 1955 च्या आधीचा नाही. 'आधीचा नाही' हे पक्कं, 'नंतरचा नाही' हे कच्चं. एवढा फरक सांभाळलास तर अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं ग्रंथालयात. जुन्या दिवाळी अंकांतल्या जाहिराती पान न् पान बघ. तेच लेबल जाहिरातीत दिसलं तर अंकाचं साल आयतं हातात येतं.

तू विचारतेस, डाग काढू का? हात लावू नकोस. आमच्या आईच्या मांडणीवर पॉल्सनच्या कॉफीचा डबा होता. पेस्तनजी एदलजी दलाल यांची ही कंपनी. तिच्या लोण्यामुळे मुंबईत 'पॉल्सन लावणे' म्हणजे मस्का लावणे झालं. आई गेल्यावर तो डबा मी चिंच आणि काथ्या घेऊन घासला. लख्ख झाला. तळाजवळ बारीक अक्षरांत एक ओळ होती, ती चिंचेच्या पाण्याबरोबर मोरीत गेली. त्यात पत्ता होता की परवाना, मला आठवत नाही, कारण मी ती कधी वाचलीच नव्हती. गंजाने पाच वर्षांत जे केलं नसतं ते मी दहा मिनिटांत केलं. म्हणून सांगतो, आधी वाच. उतरवून घे, फोटो काढ, पुन्हा वाच.

तुझी काकू म्हणते, माणसाने किती डबे जमवावेत? माळा भरला, पलंगाखालची जागा भरली. पण मी एकही डबा विकायला घेतला नाही, आणि त्या घासलेल्या डब्यानंतर न वाचता एकही घरात आणला नाही. याला हव्यास म्हणायचं असेल तर म्हणू दे.

किमतीचं थोडक्यात सांगतो. लोक मागतात ती किंमत नव्हे, कुणीतरी खरोखर मोजली ती किंमत. तसे विकले गेलेले चार डबे सापडेपर्यंत कुणालाही आकडा सांगू नकोस. आणि डबा फोडून तर मुळीच बघू नकोस. झाकण किंवा तळ फुगलेला असेल तर तो कपाटातून काढून बाहेर एका बादलीत ठेव. आंब्याचं आम्ल आतून पत्रा खातं, त्यातून हायड्रोजन वायू साठतो आणि डबा फुगतो. माझा एक डबा मे महिन्यात शोकेसमध्ये फुटला होता. तो वास गणपतीपर्यंत गेला नाही. फुगवटा नसेल आणि रिकामाच करायचा असेल तर तळाला भोक पाडून करतात, म्हणजे झाकण आणि लेबल शाबूत राहतं. आतलं कुणी चाखायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही.

रविवारी मी पुण्याच्या जुन्या बाजारात असतो, मंगळवार पेठेत. डबा आणू नकोस, रिक्षात आपटेल. त्याआधी झाकणाचा फोटो परत पाठव. त्यावर ठोकलेली अक्षरं आहेत, फ्लॅशच्या चकाकीत गेलीत. खिडकीपाशी ठेव, उजेड आडवा येऊ दे, मग काढ.