पर्यावरण शिकायला लहान लिबरल आर्ट्स कॉलेज निवडताना नेमकं काय तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरी तालुक्यात घर, आंब्याची बाग, मुलगी अकरावी सायन्सला. तिला पर्यावरण शिकायचंय आणि कुणीतरी अमेरिकेतल्या लहान लिबरल आर्ट्स कॉलेजांची (एकाच शाखेत न अडकवता विज्ञानापासून कलांपर्यंत अनेक विषय शिकवणाऱ्या कॉलेजांची) यादी दिली आहे. त्यातलं चांगलं कोणतं हे कसं ओळखायचं, आणि बागायतदाराच्या घराला ते झेपेल का?

क्रमवारी आधी बाजूला ठेवा. दीड-दोन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजात पर्यावरण विभागाचे स्वतःचे शिक्षक बऱ्याचदा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. त्यातला एक रजेवर गेला की एक अख्खा विषय बंद पडतो. म्हणून तिला हवा तो विषय शिकवणारी माणसं तिथं आहेत का, एवढंच आधी बघायचं.

त्यासाठी माहितीपुस्तिका उपयोगाची नाही आणि कॅटलॉगही अर्धवटच. कॅटलॉगमध्ये कॉलेजला कधीतरी शिकवता येतील असे सगळे कोर्स छापलेले असतात. काही तर अनेक वर्षं उघडतच नाहीत. मागच्या चार सत्रांची प्रत्यक्ष वेळापत्रकं वेबसाइटवर शोधा. माती, पाणी, परिसंस्थाशास्त्र, जीआयएस (संगणकावरचं नकाशाशास्त्र), संख्याशास्त्र, पर्यावरण कायदा यांपैकी काय किती वेळा चाललं आणि कुणी शिकवलं, ते वहीत मांडा. शिक्षकाच्या नावाआधी ‘व्हिजिटिंग’ असेल तर तो करारावरचा, मुलगी तिसऱ्या वर्षाला पोचेपर्यंत बहुधा नसेल. कायम शिक्षकही साधारण सातव्या वर्षी, काही कॉलेजांत त्याआधीच, अभ्यासरजेवर जातात. त्या काळात त्यांचे कोर्स कोण घेतं, हे ईमेलने विचारा. उत्तर देताना कुणी घोळ घातला तर तेही एक उत्तरच आहे.

दुसरी गोष्ट पदवीच्या रचनेची. नाव तेच, पण आतली मांडणी प्रत्येक ठिकाणी वेगळी. व्हरमाँटमधल्या मिडलबरीत हा विषय १९६५पासून आहे. मेनमधल्या बोडनमध्ये पर्यावरण एकटं घेताच येत नाही, सोबत दुसरा मुख्य विषय पूर्ण करावा लागतो. त्याच राज्यातलं कॉलेज ऑफ द अटलांटिक जेमतेम साडेतीनशे विद्यार्थ्यांचं. तिथं सगळ्यांना एकच पदवी, मानवी परिसंस्थाशास्त्राची. समुद्रातल्या दोन बेटांवर त्यांची स्वतःची संशोधन केंद्रं आहेत. कोलोरॅडो कॉलेजात एका वेळी एकच कोर्स, साडेतीन आठवड्यांचा. अख्खा वर्ग आठवडाभर डोंगरात नेता येतो हा त्याचा फायदा. पण रसायनशास्त्र साडेतीन आठवड्यांत गिळायचं, हे सगळ्यांना मानवत नाही.

बोडनची सक्ती जाचक वाटेल, मला ती आपल्या मुलांच्या सोयीची वाटते. कारण भारतीय वनसेवेची पात्रता. त्यासाठी पदवीला पशुवैद्यक, वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणीशास्त्र यांपैकी एक विषय लागतो, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी. नुसतं ‘पर्यावरण’ त्या यादीत नाही. परत येऊन एमएस्सी करायची असेल तिथंही अशा कॉलेजाची बीए ही पदवी अडू शकते. म्हणून कॉलेज कोणतंही असो, वनस्पतीशास्त्र, रसायन किंवा भूशास्त्राची जोड आधीच ठरवा. जीवशास्त्राच्या पदवीत वनस्पतीशास्त्र मोजलं जाईल, असं गृहीत धरू नका.

आता हंगाम, जो सहसा कुणी विचारात घेत नाही. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मेन-व्हरमाँटच्या ईशान्य भागात, वर्ग ऑगस्टअखेरीपासून मेपर्यंत, आणि त्यातले तीन-चार महिने जमीन बर्फाखाली. तिथलं खरं क्षेत्रकाम जून ते ऑगस्टच्या सुट्टीत होतं. तेव्हा विचारायचा प्रश्न असा: सुट्टीत पगारी संशोधनाच्या जागा किती, पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या मिळतात का, आणि परदेशी विद्यार्थ्याला त्या पैशात स्वतःच्या देशात काम करता येतं का? शेवटच्याचं उत्तर ‘हो’ आलं तर उत्तम. आपल्या सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) डबकी, पावसाळी फुलं, बेडूक हे सगळं नेमकं त्याच महिन्यांत असतं.

पैशाचं गणित. खासगी कॉलेजांचा एकूण वार्षिक खर्च आता बऱ्याच ठिकाणी ८० हजार डॉलरच्या वर आहे, पण मदत मिळाली तर भरावा लागणारा आकडा अगदी वेगळा असतो. परदेशी अर्जदाराची आर्थिक गरज न बघता प्रवेश ठरवणारी कॉलेजं मोजकी: अ‍ॅमहर्स्ट आहे, बोडन २०२२पासून आहे. बाकी बहुतेक ठिकाणी जितकी जास्त मदत मागाल तितका प्रवेश अवघड. प्रत्येक कॉलेजचा ‘कॉमन डेटा सेट’, म्हणजे कॉलेजने दरवर्षी ठरावीक नमुन्यात दिलेली आकडेवारी, गुगलवर शोधा आणि थेट एच-६ हा भाग उघडा: किती परदेशी विद्यार्थ्यांना मदत दिली आणि सरासरी किती, हे तिथं असतं. परदेशी दोनशे आणि मदत बाराजणांना, असं दिसलं तर पुढं जाऊ नका. आणखी एक: मदत अर्जासोबतच मागा. प्रवेश मिळाल्यावर मागू म्हटलं तर अनेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याला चारही वर्षं काही देत नाहीत.

बागायतदारांचे अर्ज अडतात ते ‘सीएसएस प्रोफाइल’ या, मदतीसाठी घरचं उत्पन्न आणि मालमत्ता भरायच्या फॉर्मवर. सातबाऱ्यावर आजोबांमागे सहा वारस असतील तर पूर्ण बागेची किंमत भरू नका. आणेवारीप्रमाणे तुमचा हिस्सा भरा आणि जमीन सामाईक आहे, एकट्याला विकता येत नाही, असं पत्र जोडा. उत्पन्नाला एकच वर्ष देऊ नका. मोहोर थ्रिप्स किडीने गेला किंवा अवकाळी आला तर आकडा अर्ध्यावर येतो, म्हणून तीन वर्षांच्या वाशी बाजारातल्या विक्रीच्या पट्ट्या लावून सरासरी दाखवा. तहसीलदाराच्या दाखल्यावर लाखभर आणि पट्ट्यांवर नऊ लाख, असा फरक दिसला की मदत कार्यालयाचा विश्वास उडतो. दाखला आधी दुरुस्त करून घ्या.

कागदपत्रांत नववीपासूनच्या गुणपत्रिका लागतात. अर्ज बारावीच्या नोव्हेंबर-जानेवारीत जातो, तेव्हा बोर्डाचा निकाल नसतो. म्हणून पहिल्या सत्राचे गुण आणि अपेक्षित गुणांचं पत्र ज्युनिअर कॉलेजकडून घ्यावं लागतं. समुपदेशकाची शिफारस प्राचार्य देऊ शकतात, पण ईमेल संस्थेचा हवा. त्यासाठी बऱ्याच ठिकाणी महिना जातो. ऑगस्टमध्येच सुरुवात करा.

निबंधात ‘निसर्गाची आवड’ लिहिण्यापेक्षा एखादं मोजमाप हातात असू द्या. खाडीकाठच्या वाडीतल्या तीन-चार विहिरी घ्या, जानेवारी ते मे दर आठवड्याला पाण्याची पातळी टेपने आणि क्षार टीडीएस मीटरने मोजा. मीटर काही शे रुपयांत येतो. इथं ठरलेली चूक म्हणजे पोहऱ्याने वरचं पाणी काढणं. खारं पाणी जड, ते तळाशी बसतं. वरचा आकडा चांगला दिसतो आणि पंप लावला की खारटपणा वर येतो. दगड बांधलेली बाटली तळाशी सोडून बूच दोरीने ओढा, वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे लिहा. मोजणी सकाळी पंप सुरू होण्याआधी, शेजारी भरतीची वेळ आणि तिथी. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २०००. पाच महिने हे करून कंटाळा आला, तर लाखो रुपये लावण्याआधी तेही कळलेलं बरं.

बंद पडण्याचा धोकाही बघा. पर्यावरणासाठीच ओळखलं जाणारं व्हरमाँटचं ग्रीन माउंटन कॉलेज २०१९मध्ये बंद झालं. पाच वर्षांचे डेटा सेट शेजारी ठेवून विद्यार्थिसंख्या सतत उतरताना दिसली, तर ते कॉलेज यादीतून काढा.

भारतातही पर्याय आहेत: पुण्याचं फ्लेम, आंध्रातल्या श्री सिटीचं क्रिया. वेळापत्रकाची कसोटी तिथंही तीच. फक्त पर्यावरण मुख्य विषय आहे की सर्वांना सक्तीचा असतो तो पेपर, हे नीट वाचा. मुळशीच्या यूडब्ल्यूसी महिंद्र कॉलेजमधून बारावी करणाऱ्यांना अमेरिकेत डेव्हिस शिष्यवृत्तीचा रस्ता असतो. तुमच्या मुलीला आता बहुधा उशीर झाला, पण धाकटं कुणी आठवी-नववीत असेल तर लक्षात ठेवा.

आणि तिने गणित सोडून नुसता बायोलॉजीचा ग्रुप घेतला असेल, तर विषय बदलता येतो का, हे कॉलेजच्या ऑफिसात याच आठवड्यात विचारा. संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्राचे कोर्स पहिल्याच वर्षी समोर येतात. बदल शक्य नसेल तर बारावीनंतरच्या सुट्टीत कॅल्क्युलसची तयारी करून घ्यावी लागेल.