दह्याच्या प्रयोगात बदलायचं काय आणि मोजायचं काय

तुमच्या मुलीचा प्रश्न, 'स्टीलच्या भांड्यात दही चांगलं लागतं की मातीच्या?', ऐकायला झकास आहे, पण सातवीच्या प्रकल्पासाठी मी तो घेणार नाही. मातीचं भांडं पाणी शोषतं, बाहेरून ओलसर होऊन गार पडतं, शिवाय त्याची जाडी आणि तोंडही वेगळं. फरक दिसला तरी तो नेमका कशामुळे पडला, हे सांगताच येणार नाही. आणि 'चांगलं' मोजायचं कशाने? आजीला आंबट आवडतं, तिला गोड.

त्यापेक्षा विरजण किती घालायचं, एवढंच बदला. हा झाला स्वतंत्र चल. एक, दोन आणि चार मिली अशा तीन मात्रा, प्रत्येकी तीन वाट्या, आणि दहावी वाटी विरजणाशिवायची. ही दहावी वाटी म्हणजे 'नियंत्रण', तर सगळीकडे सारखे ठेवलेले घटक म्हणजे 'नियंत्रित चल'. या दोन्हींत मुलं हमखास गोंधळतात, तोंडी परीक्षेत हेच विचारतात.

सव्वा लिटर दूध एकाच पातेल्यात उकळा आणि साय काढून टाका, नाहीतर ती पहिल्या वाटीत जाते. दूध ४० अंश सेल्सिअसपर्यंत आलं की सारख्या वाट्यांत शंभर-शंभर मिली ओता. तापमापी ० ते १०० अंशांची घ्या, तापाची नको. विरजण घुसळून एकजीव करा आणि औषधाच्या बिनसुईच्या सिरिंजने मोजून घाला. चमच्याचा भरवसा नाही, त्यात कधी गोळा येतो, कधी नुसतं पाणी.

खोलीचं तापमान तुमच्या हातात नाही, पण ते सगळ्या वाट्यांना सारखं मिळेल एवढं बघता येतं. सगळ्या वाट्या एकाच थर्माकोलच्या खोक्यात, एकाच दिवशी, मात्रा आलटून पालटून ठेवा. एका मात्रेच्या तिन्ही वाट्या कोपऱ्यात गेल्या, तर विरजणाऐवजी कोपराच मोजला जाईल.

आता अवलंबी चल, म्हणजे मोजायची गोष्ट. वाटी तिरकी करून बघू नका. जमत आलेलं दही त्याने मोडतं. त्याऐवजी पीएच पट्टी वापरा. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. ताज्या दुधाचा पीएच साधारण ६.६ असतो. विरजणातले जिवाणू लॅक्टोजपासून, म्हणजे दुधातल्या साखरेपासून, लॅक्टिक आम्ल बनवत जातात तसा तो उतरतो आणि ४.६ च्या आसपास दुधातलं केसीन हे प्रथिन गोठतं. चौथ्या, सहाव्या आणि आठव्या तासाला दर वाटीतला थेंबभर स्वच्छ चमच्याने काढून पट्टीवर टाका. चमचा दर वेळी धुवा. वाट्यांना अक्षरं द्या आणि कोणत्या अक्षराला किती विरजण, ती चिठ्ठी तुमच्यापाशी ठेवा. मुलीला माहीत असलं, तर रंग वाचताना डोळे आपोआप 'हवं तेच' बघतात.

आठव्या तासाला तिन्ही मात्रांचे आकडे जवळजवळ आले, तरी प्रयोग फसला असं समजू नका. बहुधा चौथ्या तासाला फरक जास्त असेल, तोच आलेखात दाखवा: आडव्या अक्षावर विरजण, उभ्या अक्षावर पीएच. तिन्ही वाट्यांचे आकडे वेगवेगळे मांडा, नुसती सरासरी नको. विरजणाशिवायच्या वाटीचा बिंदूही शून्यावर काढायला सांगा.