आधी मोजा, मग सोल्डरिंग आयर्न गरम करा

वाचकांचे प्रश्न : घरचा ऑडिओ

प्रश्न : सर, सदाशिव पेठेतला आमचा वाडा रिडेव्हलपमेंटला गेलाय. माळा रिकामा करताना आजेसासऱ्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ सापडला, लाकडी कॅबिनेट आहे, पुढे जाळीचं कापड, मागे पुठ्ठा. कित्येक वर्षं कुणी लावलेला नाही. आमचे हे म्हणतात प्लग लावून तर बघू, चालला तर चालला. लावू का?

उत्तर : ताई, नका लावू. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण तोपर्यंत तो प्लग भिंतीपासून लांबच ठेवा.

कारण सांगतो. आतले जुने मेणकागदाचे कपॅसिटर इतक्या वर्षांत लीक व्हायला लागलेले असतात आणि त्यातला एक फार महत्त्वाचा असतो, आउटपुट व्हॉल्व्हच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या, ग्रिडला (करंट ताब्यात ठेवणाऱ्या आतल्या जाळीला) जाणारा कपलिंग कपॅसिटर. त्याचं काम एवढंच की आधीच्या व्हॉल्व्हवरचा डीसी अडवायचा आणि फक्त आवाज पुढे सोडायचा. तो लीक झाला की ग्रिड पॉझिटिव्हकडे जाते, आउटपुट व्हॉल्व्ह हवा त्यापेक्षा खूप जास्त करंट ओढतो, आणि व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर, ज्याची तार केसासारखी बारीक असते, तो जळतो. फसवं काय आहे तर पहिली काही मिनिटं रेडिओ मस्त वाजतो, घरातले सगळे जमतात, कुणीतरी व्हिडिओ काढतं, आणि तेवढ्यात आत तो ट्रान्सफॉर्मर तापत असतो. कपॅसिटर अगदी स्वस्तात मिळतो, तसा ट्रान्सफॉर्मर मात्र दुकानात आयता मिळत नाही, गुंडाळूनच घ्यावा लागतो.

मग करायचं काय, तर आधी मागचा पुठ्ठा काढा आणि टॉर्च घेऊन नुसतं बघा. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, वायरींवरचं रबर हात लावला की भुगा होतंय का, आणि व्हॉल्व्हवरचे नंबर. ईसीएच८१, ईएल८४, ईझेड८० असे ई ने सुरू होणारे असतील तर बहुतेक आत मेन्स ट्रान्सफॉर्मर असेल. पण यूसीएच, यूएल, यूवाय असे यू वाले असतील तर तिथेच थांबा. त्या सेटमध्ये व्हॉल्व्हचे हीटर (आतल्या तापणाऱ्या तारा) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले असतात, बऱ्याचदा मेन्स ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि चॅसी, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, थेट मेन्सच्या एका वायरला जोडलेली असते, म्हणजे प्लग उलटा बसला तर आतला पत्रा आणि नॉबचा स्क्रू दोन्ही २३० व्होल्टवर. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेटला मेन्सपासून वेगळा ठेवणारा ट्रान्सफॉर्मर) उघडा चालवायचाच नाही, आणि हे काम माहीतगार माणसाकडूनच करून घ्या.

ई वाला असेल तर मागे व्होल्टेज सिलेक्टर आहे का बघा, तो ११० वर राहिलेला नसावा. मग प्लग न लावताच मीटर ओहमवर ठेवून आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (व्हॉल्व्हकडची गुंडाळी) मोजा, साधारण काहीशे ओहम यायला हवेत, ओपन, म्हणजे तुटलेली दाखवली तर ती आधीच गेलीय. ठीक असेल तर तो कपलिंग कपॅसिटर त्याच व्हॅल्यूचा, ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर घालून बदला. तापकीर गल्लीत मिळतो. व्हॉल्व्ह लागला तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात शोधा, पण मीटर बरोबर न्या, ईएल८४ असेल तर ४ आणि ५ नंबरच्या पिनमध्ये कंटिन्युइटी नसली की हीटर तुटलेला, परत ठेवून द्या.

आणि मग पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बोर्डवरून, म्हणजे रेडिओकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब लावून, एलईडी इथे चालत नाही. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक, भक्क पेटून तसाच राहिला तर लगेच बंद. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये दोन-अडीचशे व्होल्ट राहू शकतात, ते रेझिस्टरमधून उतरवायचे, मीटरने खात्री करायची, मगच आत हात घालायचा. बाकी कॅबिनेटला नवीन पॉलिश मारू नका, कापडही बदलू नका, जे बिघडलंय तेवढंच बदला, बाकी सगळं आजोबांचंच राहू दे.

चालू झाला की मीडियम वेव्हवर काटा ७९२ किलोहर्ट्झवर न्या, ती आकाशवाणी पुण्याची जागा. नुसती खरखर आली तर लगेच रेडिओला दोष देऊ नका, घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर एकेक करून बंद करून बघा.

प्रश्न : कोथरूडला फ्लॅटमध्ये हॉल १२ बाय १० चा आहे. बुकशेल्फ स्पीकर घेतले, तबल्याचा डग्गा नुसता घुमतो. क्रॉसओव्हरचे (स्पीकरमधलं, खालचा-वरचा आवाज वाटून देणारं सर्किट) पार्ट चांगल्या क्वालिटीचे टाकले तर फरक पडेल का?

उत्तर : मला नाही वाटत, आणि मोजल्याशिवाय तर एक रुपयाही घालू नका. तुमच्या १२ फुटांच्या भिंती एकमेकींसमोर आहेत, तेवढ्या अंतरात ४७ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते, १० फुटांच्या बाजूला ५६ च्या आसपास. डग्ग्याचा खालचा आवाज आणि तानपुऱ्याचा खर्ज खोलीच्या असल्याच घुमण्यात अडकतो, वरची घुमणी वेगळीच. क्रॉसओव्हरमध्ये सोन्याचा कपॅसिटर टाकलात तरी भिंती तिथेच राहणार.

खोलीतला आवाज मोजणारं रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याला कॅलिब्रेशन फाइल (त्या माइकची चूक किती ते सांगणारी) असलेला यूएसबी माइक लागतो, फोनच्या माइकवर खालच्या आवाजात विश्वास ठेवू नका. माइक तुमच्या कानाच्या जागी ठेवा, पंखा बंद करा, स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा सूर) लावा. सकाळी दहा-अकराला करा, दुपारी एक ते चार शेजारी झोपलेले असतात त्यांना त्रास नको. ग्राफमध्ये ४०-६० च्या मध्ये उंच शेंडा दिसला की माझं म्हणणं पटेल.

मग आधी खुर्ची हलवा. भिंतीला पाठ लावून बसलात तर हे घुमणं सगळ्यात जास्त, खोलीच्या बरोबर मध्ये बसलात तर उलट बास गायब, म्हणून या दोन्हींच्या मधली जागा शोधा आणि दर वेळी परत मोजा. स्पीकरही कोपऱ्यातून बाहेर ओढा. भिंतीला अंड्याच्या ट्रेसारखा पातळ फोम लावायचा सल्ला देणारे भेटतील, तो टाळीचा आवाज मारतो, पण ४७ हर्ट्झची लाट सात मीटरपेक्षा लांब असते, तिला त्या फोमचं काही वाटत नाही. फरशीवर जाड सतरंजी मात्र टाका, गाण्याचे शब्द स्वच्छ ऐकू येतील.

आणि नुसता स्पीकर मोजायचाय, खोली नकोय, तर स्पीकर आणि माइक दोन्ही जमिनीपासून १.२ मीटर वर, एकमेकांपासून १ मीटर. फरशीवरून उडून येणारा आवाज साधारण साडेचार मिलिसेकंद उशिरा पोचतो, त्याच्या आधीचंच घ्यायचं आणि बाकी कापायचं. त्यात अंदाजे २१५ हर्ट्झच्या खालचं काहीही खरं नसतं, तिथला ग्राफ बघून निर्णय घेऊ नका. खालचं मोजायला माइक वूफरच्या कोनाला जवळजवळ चिकटवून वेगळं माप घ्या.

प्रश्न : दादा, मी इंजिनीअरिंगला आहे, आजीकडे नाट्यसंगीताच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या) तबकड्या आहेत, बुरशी आलीय. स्पिरिटने पुसू का?

उत्तर : अजिबात नको. त्या तबकड्या लाखेच्या आहेत आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते, एका पुसण्यात गाणं जाईल. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, मधल्या कागदी लेबलला पाणी लावू नकोस, लगेच मऊ कापडाने टिपून उभ्या वाळव. आणि एलपीची सुई लावू नकोस, ७८ ची खाच कितीतरी रुंद असते, तिला साधारण तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीची बारीक सुई तळाशी जाऊन तिथली धूळच वाचत बसते. बऱ्याच कार्ट्रिजना (सुई ज्यात बसते तो भाग) ७८ ची सुई वेगळी मिळते, तुझ्या कार्ट्रिजचा नंबर लिहून पाठव, मग कुठली बसेल ते सांगतो.