वाचक विचारतात : ट्रंकेतले मोडी कागद आणि धुळ्याचं राजवाडे मंडळ

प्रश्न : आमच्या आजेसासऱ्यांच्या ट्रंकेत मोडीतले जुने कागद अन थोडी नाणी निघाली. सासूबाई म्हणतात धुळ्याला देऊन टाका, तिथलं म्युझियम एका माणसाच्या संग्रहावरच उभं राहिलंय. खरंय का हे? द्यायचं तर कसं द्यायचं?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : ताई, सासूबाई बरोबर बोलतायत. तो माणूस म्हणजे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. खान्देशचे नव्हते ते, पण जन्मभर गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरचे, वाळवी लागलेले कागद गोळा केले त्यांनी, अन घरवाल्यांना ते द्यायला राजी करणं हे वाचण्याइतकंच अवघड काम होतं. १८९८ ला त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला, वाईला मिळालेली १७५० ते १७६१ ची, म्हणजे थेट पानिपतापर्यंतची पत्रं, अन पुढे असे २२ खंड झाले. १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं त्यातही ते होतेच, पण पुढे तिथं पटलं नाही आणि शेवटी धुळ्याला येऊन राहिले. ३१ डिसेंबर १९२६ ला इथंच गेले.

मागे राहिलं ते दप्तर. भास्कर वामन भट आणि धुळ्यातल्या मंडळींनी ते पांगू दिलं नाही, १९२७ मध्येच राजवाडे संशोधन मंडळ सुरू केलं, सासूबाई म्हणतात ते म्युझियम याचंच. नंतर मंडळाने राजवाड्यांचा धातुकोश, म्हणजे क्रियापदांच्या मूळ रूपांचा कोश, छापला, 'संशोधक' त्रैमासिक चालवलं, अन खान्देशातल्या जुन्या मूर्तीही तिथं जमत गेल्या. धुळ्यातच शंकरराव देवांनी जमवलेल्या रामदासी हस्तलिखितांसाठी १९३५ ला समर्थ वाग्देवता मंदिर झालं. एवढ्याशा गावाने दोन माणसांचं आयुष्यभराचं काम सांभाळलं, मला याचा खूप अभिमान वाटतो.

आता तुमची ट्रंक. एक कागद उजेडात धरून बघा, आधी आडवी रेघ पूर्ण ओढलेली अन तिला बोरूने लपेटून लिहिलेली अक्षरं लटकलेली दिसतील. खाली तारीख 'छ १२ रजब' अशी, नुसता मुसलमानी महिना अन चंद्र ('छ' म्हणजे चंद्र, त्या महिन्यातली तारीख), साल बरेचदा नसतंच! मग साल काढायचं कसं? तर शेजारच्या पत्रातल्या माणसांवरून, गावांवरून, एखाद्या लढाईच्या उल्लेखावरून. म्हणूनच सांगतो, 'हे चांगलं दिसतंय' म्हणून दोन कागद वेगळे काढून फ्रेम करू नका, बाकीचे रद्दीत घालू नका, गठ्ठा ज्या क्रमाने बांधलाय तसाच राहू द्या आणि ट्रंक कुणाची, कुठल्या गावची, नाणी कुठून आली हे सासूबाईंना विचारून आजच लिहून काढा, कारण उद्या ते सांगणारं माणूस नसेल.

सेलोटेप अन लॅमिनेशन अजिबात नको. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. नाणी घासून चकचकीत करू नका, त्यांची किंमत त्यातच जाते. विकत घ्यायला कुणी घरी आलं तर घाई करू नका, ७५ वर्षांवरची ऐतिहासिक हस्तलिखितं अन १०० वर्षांवरची नाणी १९७२ च्या कायद्यात पुरावशेष धरली जातात, परवानगीशिवाय परदेशात नेता येत नाहीत.

द्यायचं ठरलं तर आधी सगळ्या कागदांचे मोबाइलवर फोटो काढा, भावकीत सगळ्यांची संमती घ्या, अन देताना कागदागणिक यादी करून दोन्हीकडच्या सह्यांची पावती मागा. पूर्ण संग्रह एकत्र, घराण्याच्या नावाने ठेवा अशी अट त्या पावतीतच लिहून घ्या.