थंडी परवडली, शेगडी नको

या वेळच्या टपालात थंडीच थंडी आहे. निफाडचा पारा उतरला की नाशिककर गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, चहा प्यायला जातात आणि मालक मंडळी मला पत्र लिहितात. नव्या वाचकांसाठी ओळख : सातपूर-अंबडच्या कारखान्यांमध्ये मी २९ वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. मी वकील नाही, पण पंचनामे भरपूर पाहिलेत. पहिल्या पत्राला जास्त जागा घेतली आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : आमच्याकडे थिनिंगसाठी, म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढायला, सुरगाण्याकडची १४ जणांची टोळी आली आहे. बागेच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या दिल्या आहेत. रात्री ते घमेल्यात निखारे भरून आत घेतात आणि दार लावून झोपतात. मी हटकलं तर मुकादम म्हणतो, “शेठ, मग गारठ्यानं मरायचं का?” खिडकी थोडी उघडी ठेवली तर चालेल ना? आणि काही झालंच तर जबाबदारी माझी की मुकादमाची?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

खिडकी उघडी ठेवून चालणार नाही. झोपताना ती उघडी असेल, पण रात्री दीड वाजता वारं आत आलं की कोणीतरी उठून ती लावणारच. तुम्ही असता तर तुम्हीही लावली असती.

निखारे लाल असतात, धूर नसतो, म्हणून माणूस बेफिकीर राहतो. पण खरा घातकी असतो तो कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला वास नाही की रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरून ठेवतं. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही, तो फक्त उठत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. एका कारखान्याच्या गेटवरच्या केबिनमध्ये रात्री तिघे होते. पहाटे साडेपाचला मी पोचलो तेव्हा दार आतून बंद होतं आणि दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलेलं होतं. ते कोणी कोंबलं असेल, हे मी अजून विसरलेलो नाही, कारण तो माणूस वाऱ्याच्या झुळकीलाही चिडायचा. दार तोडलं. तिघेही जगले, पण दोघे उलट्या करत होते. पहिल्या डॉक्टरांनी रात्रीचं जेवण बाधलं म्हणून गोळ्या दिल्या. कोपऱ्यातल्या घमेल्याबद्दल त्यांना कोणी सांगितलंच नाही. मलाही ते दुपारी सुचलं.

म्हणून दोन गोष्टी भिंतीवर लिहून लावा. एका खोलीतल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखतंय आणि बाहेर आल्यावर बरं वाटतंय, तर ते जेवण नाही, शेगडी आहे. दुसरी : दारं-खिडक्या सताड उघडून माणसांना आधी मोकळ्या हवेत ओढा, मग १०८ ला फोन करा, आणि डॉक्टरांना “बंद खोलीत निखारे होते” असं स्पष्ट सांगा. बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर इथे फसवतं. या वायूने भरलेलं रक्तही त्याला प्राणवायूने भरलेलं दिसतं आणि आकडा छान ९८ दाखवतं.

आता मुकादमाचा प्रश्न. त्याचं बरोबर आहे. गारठ्यात झोपवायचं आणि शेगडीही नाही म्हणायचं, हा न्याय नाही. पत्रा आणि भिंत यांच्यातल्या फटी बंद करून घ्या. जमिनीवर सतरंजी टाकून काही होत नाही, ओल खालूनच चढते. फळ्यांची वीतभर उंच बैठक करा, नाहीतर निदान भाताचा पेंढा हातभर जाड अंथरून वर ताडपत्री टाका. माणशी दोन जाड ब्लँकेटं द्या. १४ माणसांची २८ ब्लँकेटं म्हणजे तुमच्या एका फवारणीच्या औषधाच्या बिलाएवढा खर्च होईल. शेकोटी हवीच असेल तर ती अंगणात पेटवा. रात्री सगळ्यांनी तिथे बसावं, गप्पा माराव्यात, विझवून आत यावं. बागेत कडाक्याच्या पहाटे तुम्ही घडांसाठी शेकोट्या लावताच की, माणसांसाठी एक लावायला काय हरकत? मात्र उसाच्या बाजूला, बांधावर एकट्याला बसवू नका. बिबट्याची काळजी तुम्हाला मी सांगायला नको.

जबाबदारीचं म्हणाल तर मुकादमाकडे बोट दाखवून सुटता येईल, या भरवशावर राहू नका. ठेकेदाराच्या माणसाला कामात इजा झाली तर भरपाई मूळ मालकाकडे मागता येते आणि मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, हे तत्त्व १९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आलं आहे. शिवाय खोली तुमची, जागा तुमची. टोळीची नावं, गावं आणि घरच्यांचे फोन नंबर आजच वहीत उतरवून घ्या. कशासाठी, हे सांगत नाही.

प्रश्न : आमच्या पॅकहाऊसला दिंडोरी आणि पेठच्या बाजूने ४० बायका येतात. पहाटे पाचला पिकअप त्यांना घेऊन निघते. धुक्यात गाडी चालवायला ड्रायव्हर कुरकुरतो. घरून निघालेल्या माणसाची जबाबदारी कामावर पोचेपर्यंत आमची नसते ना?
– एक निर्यातदार, पिंपळगाव बसवंत

असते, ताई. आणि पिकअप हा शब्द वाचूनच मला घाम फुटला. पिकअप मालवाहू असते. तिच्यात द्राक्षांचे क्रेट बसवायचे, बायका नाही. अपघात झाला की विमा कंपनी सर्वांत आधी परवान्याचा कागद काढते. मालवाहू गाडीत बसलेल्या माणसांचा दावा उभा राहणं फार अवघड असतं. थंडी म्हणून मागे ताडपत्री बांधली असेल तर आणखी वाईट. आत अंधार असतो, बाहेरचं दिसत नाही आणि गाडी उलटली तर बाहेर पडायला वाट नसते.

दुसरी गोष्ट सर्वोच्च न्यायालयाची. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला होता. कारखाना ५ किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. तो कामावर पोचलाच नव्हता, असं म्हणून उच्च न्यायालयात घरच्यांच्या विरोधात निकाल लागला. अखेर जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, घर ते कामाचं ठिकाण हा प्रवास, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध जुळत असेल तर, कामाचाच भाग धरायचा. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या (ईएसआय) कायद्यात अशी तरतूद २०१० मध्येच आली होती. इथे तर गाडीही तुम्हीच पाठवता, वेळही तुम्हीच ठरवता.

माझं म्हणणं असं : प्रवासी परवान्याची गाडी लावा आणि पाचऐवजी साडेसहाला काढा. गोदाकाठचं धुकं तुमच्या शिफ्टसाठी उठत नाही. ड्रायव्हर कुरकुरतो, म्हणजे शहाणा आहे, त्याला टिकवून ठेवा. दीड तास उशिरा सुरू झालं म्हणून कंटेनर चुकत असेल तर संध्याकाळी थांबवून घ्या, पण कायद्याच्या तासांवर गेलेल्या कामाचा दर दुप्पट असतो. तो १९४८ च्या कारखाना कायद्यातही होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्येही आहे.

प्रश्न : सध्या सकाळच्या शिफ्टला निम्मी माणसं अर्धा तास उशिरा येतात. शिस्तीसाठी आम्ही अर्ध्या दिवसाचा पगार कापतो. कायदेशीर आहे ना? ता. क. : पोरं मफलर-शाली गुंडाळूनच मशीनवर उभी राहतात, बघायला गंमत वाटते.
– एक लघुउद्योजक, अंबड

अर्धा तास उशीर झाला तर अर्ध्या तासाचाच पगार कापता येतो. गैरहजेरीची कपात तेवढ्याच वेळेच्या प्रमाणात करायची असते. दंड लावायचा असेल तर त्याची वाट वेगळी आहे. तेव्हा कापलेले पैसे परत करा.

तुमची गंमत मात्र मला वाटली नाही. मी असताना आमच्या टूलरूममध्ये, जानेवारीत, एका हेल्परच्या लोकरी मफलरचं टोक लेथ मशीनच्या फिरत्या जबड्यात, म्हणजे चकमध्ये, गेलं. मफलर घरी विणलेला होता, हिरवा. कपड्याचा सुती तुकडा फाटून तरी सुटला असता, पण लोकर ताणली जाते, तुटत नाही. शेजारच्या ऑपरेटरने हात मारून मशीन बंद केलं म्हणून गळ्यावर फक्त वळ उठला. त्या पोराने पुढे आठवडाभर घासही नीट गिळला नाही. आदल्याच दिवशी त्याला मी “काय रे, आईने विणला का?” असं विचारून पुढे गेलो होतो. काढ म्हणालो नव्हतो.

त्यामुळे फिरत्या मशीनवर मफलर, शाल, लोंबती टोपीची दोरी, लोकरी हातमोजे काहीही नको. पोरं गंमत म्हणून गुंडाळत नाहीत, शेडमध्ये गारठा असतो म्हणून गुंडाळतात. अंगाला चिकटून बसणारे, बंद गळ्याचे, मनगटाला इलॅस्टिक असलेले जर्किन कंपनीच्या खर्चाने द्या. कान झाकायला घट्ट टोपी द्या. उत्तरेकडचं मोठं शटर शिफ्ट सुरू झाल्यावर निम्मं खाली ओढा, पण जनरेटर आत असेल तर ओढू नका. का, ते पहिल्या उत्तरात आलंच आहे.

प्रश्न : आमच्या साइटवरचा रात्रीचा रखवालदार थंडीपुरती “थोडी” घेतो. अंगात ऊब राहते म्हणतो. चालवून घ्यावं का?
– एक बांधकाम व्यावसायिक, सिन्नर

नाही. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटतं, आणि त्याच वाटेने आतली ऊब बाहेर निघून जाते. वरून तो झोपतो. त्याला मोठा थर्मास, आल्याचा चहा आणि गुळाची ढेप द्या. हे त्याला कमी वाटेल, मान्य.

प्रश्न : आमची अर्ली द्राक्षं आहेत, काढणी सुरू आहे. मजूर सकाळी सातला येतात, पण दवाने घड ओले असतात, म्हणून साडेनऊपर्यंत कात्री लावता येत नाही. या अडीच तासांची मजुरी द्यायची का?
– एक शेतकरी, बागलाण

द्यायची. सातला तुम्ही बोलावलं, ती माणसं आली, काम नव्हतं ते तुमच्या बागेत. किमान वेतनाचा नियम सरळ आहे : मजूर कामाला तयार आहे आणि मालकाकडे काम नाही, म्हणून दिवस कमी भरला, तर मजुरी पूर्ण दिवसाची.

न देता वाचवायची असेल तर वाट एकच : आदल्या रात्री मुकादमाला फोन करून “उद्या साडेनऊला या” म्हणून सांगा. तुमच्या सटाण्याकडे दव कधी उठतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. फक्त मजुरांना आणणारी गाडी पहाटे निघणारी असेल तर तिचीही वेळ बदला, नाहीतर मजूर बांधावर थिजत बसतील आणि तुम्ही म्हणाल, आम्ही तर साडेनऊला बोलावलं होतं.