गावाकडचे पोट्टे डिग्री झाल्यावर एमबीए कायले करतात?

खरं सांगू का, आमच्या यवतमाळ साइडले अर्ध्या पोट्ट्यांचं कारण एकच, बीएस्सी ॲग्री झाली, एमपीएससीचे दोन अटेम्प्ट गेले, आता घरी बसलं तर बाबा फवारणीचा पंप पाठीवर देतात, मग भरला एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा फॉर्म. कोणतीही डिग्री चालते, डिग्रीत ओपनले 50 टक्के अन् राखीवले 45 लागतात, पेपरात निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून सोपं वाटते.

पण काही जण विचार करूनही जातात. माझा मामेभाऊ कापसाच्या जिनिंगमधे हिशोब लिहायचा, दिवसभर गाठी मोजायच्या पण रुई अन् सरकी कोणत्या भावानं कधी विकायची हे शेठ त्याले कधी सांगेच नाही, त्याले नेमकं तेच शिकायचं होतं, म्हणून त्यानं फायनान्स घेतलं. बी-बियाणं, खताच्या कंपनीत एरिया मॅनेजर व्हायचं म्हणून मार्केटिंग घेणारे तर गंज आहेत.

आयआयएम नागपूरले 2015 पासून आहे, पण तिथं कॅट ही वेगळी परीक्षा लागते बाप्पा, सीईटी नाही चालत. अन् फी आधीच विचारून घ्या, स्कॉलरशिपचं महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर पाहा.