टेनिसपटू मुलानं थांबायचं कधी? रावेर तालुक्यातल्या वडिलांच्या पत्राला उत्तर

पत्र थोडक्यात असं: "मुलगा २९ वर्षांचा आहे. नवव्या वर्षापासून टेनिस खेळतो. ज्युनियर गटात महाराष्ट्राकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळला, पदकही आहे. बी.कॉम. झाला, पण नोकरीच्या मागे लागला नाही. पुण्यात राहून आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) स्पर्धा खेळतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्यासाठी एक एकर वावर विकलं. आता त्याचा खांदा धरतो, एकेरीचं रँकिंग गेलं, तरी अजून एक सीझन मागतोय. म्हणतो, बोपण्णा त्रेचाळिसाव्या वर्षी जिंकला, मी तर एकोणतीसचाच आहे. त्याची आई म्हणते खेळू द्या, माझा भाऊ म्हणतो घरी आणा. मी नाही म्हटलं तर जन्मभर मला बोल लावेल. त्यानं थांबावं कधी, आणि हे त्याला सांगावं कुणी?"

भाऊसाहेब, नमस्कार.

पत्रासोबत जोडलेलं वहीचं पान मी बराच वेळ समोर ठेवून बसलो होतो. डावीकडे केळीच्या बागेचा खर्च: टिश्यूची रोपं, ठिबकची दुरुस्ती, खतं, कापणीची मजुरी. उजवीकडे मुलाचा: स्पर्धेची फी, लॉजचं भाडं, गटिंग (रॅकेटच्या तारा बसवणं), फिजिओ, रेल्वेचं तिकीट. दोन्ही बाजूंच्या बेरजा नीट केल्या आहेत. वजाबाकी मात्र केलेली नाही. ती तुम्हाला येत नाही असं नाही, करवत नाही. म्हणून आधी मुलगा देतो त्या उदाहरणाकडे पाहू, कारण सगळा आग्रह त्यावर उभा आहे.

रोहन बोपण्णानं जानेवारी २०२४ मध्ये मॅथ्यू एब्डेनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली आणि त्याच सुमारास तो दुहेरीत जगात पहिला आला. तेव्हा त्याचं वय ४३ होतं. त्या वयात पहिला क्रमांक आधी कुणालाच मिळाला नव्हता. मुलगा सांगतो ते शंभर टक्के खरं आहे. पण हा माणूस एकेरी सोडून कित्येक वर्षं फक्त दुहेरी खेळत होता. दुहेरीत निम्मं कोर्ट सांभाळावं लागतं, रॅली आखूड असतात, म्हणून तिथे वय थोडं जास्त चालतं. २०१७ मध्येच त्यानं फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली होती, म्हणजे तो वरच्या पातळीवर आधीपासून होताच. २०२१ मध्ये महिनोन्‌महिने एकही सामना जिंकता येईना तेव्हा त्याच्याही मनात थांबायचं आलं होतं. गुडघ्यांची कूर्चा झिजलेली. अय्यंगार योगानं त्याला सावरलं. आणि मुलगा जी गोष्ट सांगत नाही ती ही, की खेळत असतानाच बेंगळुरूत त्याची टेनिस अकादमी सुरू झालेली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये, ४५ व्या वर्षी, त्यानं निवृत्ती जाहीर केली तेव्हा पुढे काय करायचं हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता.

सानिया मिर्झाचंही तसंच. हैदराबादची अकादमी २०१३ मध्येच सुरू केली. मनगटाच्या दुखण्यानंतर एकेरी सोडली आणि दुहेरीत नाव काढलं. २०२२ च्या सुरुवातीलाच सांगून टाकलं की हा शेवटचा सीझन. दुखापतीमुळे तारीख पुढे सरकली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबईत ती थांबली, पण थांबण्याची तारीख तिनं स्वतः ठरवली होती.

मोठ्या खेळाडूंनी कधी थांबावं यावर चाहते तावातावानं भांडतात. अ‍ॅश बार्टी जगात पहिली असताना २५ व्या वर्षी थांबली. पीट सॅम्प्रास २००२ ची अमेरिकन ओपन जिंकला आणि त्यानंतर एकही सामना खेळला नाही. आगासी पाठीत इंजेक्शनं घेऊन ३६ व्या वर्षापर्यंत खेळला. फेडरर गुडघ्याच्या शस्त्रक्रियांनंतर ४१ व्या वर्षी थांबला. यातलं कुणीही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांना उशिरा थांबण्याची किंमत काय? दोनचार पराभव, वर्तमानपत्रातली टीका. घर, पैसा, नाव शाबूत. तुमच्या मुलाला ती किंमत वयात मोजावी लागणार आहे, कारण त्याच्यासाठी उघडी असलेली दारं वयानुसार बंद होत जातात. म्हणून त्याच्या थांबण्याची तारीख मी त्याच्या खांद्यावरून किंवा रँकिंगवरून काढणार नाही. दारं कधी बंद होतात त्यावरून काढेन.

एक दार बंद झालंय. भुसावळ इतकं जवळ, आपल्याकडे खेळाडू पोरगा म्हटलं की पहिल्यांदा रेल्वेच आठवते. पण रेल्वेच्या क्रीडा कोट्यात वयाची अट १८ ते २५ असते आणि त्यात सवलत मिळत नाही. दुसरं दार उघडं आहे: महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि वयोमर्यादेत सवलतही आहे. मात्र कोणत्या स्पर्धेतलं कितवं स्थान कोणत्या गटाच्या पदाला चालतं हे शासन निर्णयात ठरवून दिलेलं आहे. आयटीएफच्या छोट्या स्पर्धा खेळल्याचे कागद तिथे चालतीलच असं धरू नका. त्याचं ज्युनियर राष्ट्रीय पदक मात्र फार मोलाचं ठरू शकतं. ते प्रमाणपत्र कपाटातून काढा. जळगावच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा आणि नाशिकच्या विभागीय उपसंचालकांकडून त्याची पडताळणी करून घ्या. जाहिरात निघाल्यावर धावपळ करणारे कितीतरी खेळाडू मी पाहतो. पडताळणीचा अहवाल हातात नसतो आणि अर्जाची मुदत निघून जाते. हे काम या महिन्यातच करा. मुलगा खेळत असला तरी करता येतं.

तिसरं दार प्रशिक्षणाचं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक डिप्लोमा आहे, अखिल भारतीय टेनिस संघटनेचे टप्प्याटप्प्याचे प्रशिक्षक कोर्स आहेत. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं असेल तर सीईटी देऊन बी.पी.एड. माझा कल संघटनेच्या कोर्सकडे आहे, कारण तो लवकर होतो आणि खेळता खेळता करता येतो. वीस वर्षं कोर्टवर काढलेल्या माणसाला लहान मुलाची सर्व्हिस बघताक्षणी चूक दिसते, ती नजर विकत मिळत नाही. खान्देशात कोर्ट मोजकेच आहेत, त्यामुळे सुरुवात पुण्यात किंवा नाशकात करावी लागेल. त्यात कमीपणा नाही.

तुम्ही केळीवाले आहात, तुम्हाला हे मी काय सांगणार: पिलबाग, म्हणजे त्याच बुंध्याच्या फुटव्यावर पुढचं पीक, धरायची तर घड झाडावर असतानाच एक जोमदार पील राखतो आपण, घड कापून झाल्यावर शोधत बसत नाही.

आता पैशाचं. तो खेळतो त्या सर्वांत खालच्या पातळीच्या स्पर्धेचं एकूण बक्षीस १५ हजार डॉलर असतं, एकेरी-दुहेरी सगळं मिळून. एकेरीच्या मुख्य फेरीत पहिलाच सामना हरला तर हातात दीडशे डॉलरच्या आसपास येतात, त्यातूनही कर कापला जातो. सुमित नागल देशात एकेरीत पहिला होता तेव्हा, २०२३ मध्ये, त्यानं उघड सांगितलं होतं की खात्यात जेमतेम ९०० युरो उरलेत. आणि रँकिंगचे गुण ५२ आठवडेच टिकतात. खांद्यामुळे तीन-चार महिने बसलं की मागच्या वर्षीचे गुण गळतात, पुन्हा तळापासून चढायचं.

म्हणून दुसरा एकर विकायचा नाही. यात मी कुणाचंही ऐकणार नाही, मुलाचंही नाही, वहिनींचंही नाही. एक सीझन मात्र द्यावा असं मला वाटतं. वीस वर्षांचा खेळ भांडणात तोडला तर ते भांडण घरात राहतं. पण अटी आधी ठरवा, त्याच्यासमोर बसून, कागदावर. पुढच्या दिवाळीपर्यंतची मुदत. रक्कम ठरलेली, संपली की संपली, मध्ये उसनवारी नाही. फक्त दुहेरी, किंवा दुहेरीवर भर. त्याच काळात एक प्रशिक्षक कोर्स पुरा. आणि सीझन सुरू होण्याआधी खेळाडूंचे खांदे पाहणाऱ्या ऑर्थोपेडिककडे तपासणी. त्याला एवढंच विचारा, की गोळी घेतल्याशिवाय सर्व्हिस करता येते का, आणि लागोपाठ दोन दिवस सामने झाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी हात डोक्यावर जातो का. उत्तर नाही असेल तर डॉक्टर सांगतील तोपर्यंत अटींचा कागद काढूच नका.

सांगावं कुणी, हे तुम्ही विचारलंत. तुम्ही "थांब" म्हणू नका, काकांनाही म्हणू देऊ नका. "आता वावरात ये" हे वाक्य आपल्याकडे सहज तोंडातून जातं. पण वीस वर्षं रॅकेट धरलेल्याला ते शिक्षेसारखं लागतं. शेती त्याला करायची असेल तर तो आपणहून येईल. तुम्ही आकडे त्याच्यापुढे ठेवा. ते वहीचं पान त्याला दाखवलंय का? पत्रावरून वाटतं, नसेल. दाखवा, आणि राहिलेली वजाबाकी त्याला करू द्या. एकोणतीस वर्षांचा माणूस आहे तो, त्याला ती झेपेल. वावर विकलं ते तुम्ही राजीखुशीनं विकलं, त्याची परतफेड नको आहे, हेही त्याच बैठकीत तोंडानं बोला. असं कर्ज मनावर असलं की पोरं पैसे वसूल व्हावेत म्हणून खेळत राहतात, आणि तशा खेळात दुखापत वाढते.

थांबल्यावरचे पहिले काही महिने जड जातील. सकाळी पाचला जाग येईल आणि जायला कुठे नसेल. त्या दिवसांत लगेच सोयरिकीचं काढू नका. कोर्स झालेला असेल, आठवड्यातून तीन संध्याकाळी शिकवायला मुलं असतील, तर तो सावरेल.

पुढच्या वेळी तो पुण्याहून आला की जळगावला माझ्याकडे पाठवा. सोबत राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र, पदवीची गुणपत्रिका, दहावीचा दाखला आणि मागच्या वर्षभरातल्या सामन्यांची यादी, कुणाशी हरला, कितीनं हरला. पहिल्या दिवशी त्याला एकट्यालाच येऊ द्या. तुमच्याशी आणि वहिनींशी मी दुसऱ्या दिवशी बोलेन.